खड्ड्यातली सगळ्यात नवी वस्तू

मी चुकले. आधीच सांगते, म्हणजे कोणी माझी बाजू घ्यायला नको.

लेस्टरमध्ये एका घरामागे एक्स्टेन्शनचा पाया खणताना माणसाची हाडं निघाली. पोलिसांनी आम्हाला विचारलं, जुनी की अलीकडची? जुन्या वस्त्यांचं वय काढणं हे माझंच काम. हाडांभोवती मातीच्या पाइपचे अकरा तुकडे होते, पूर्वी तंबाखू ओढायचे तसले. नळीचं भोक जितकं मोठं, तितका पाइप जुना. ड्रिलची टोकं घालून मोजलं आणि छातीठोकपणे म्हणाले, साडेतीनशे वर्षं.

कुंपणाबाहेर वरदाताई रोज उभ्या असायच्या. हे घर पूर्वी त्यांच्या वडिलांचं. त्या चार वर्षांच्या असताना आई पळून गेली, असं वडील सांगायचे. ताईंना ते कधीच पटलं नाही. तीस वर्षं त्या वडिलांशी बोलल्या नव्हत्या.

"नीना, आई आहे का गं ती?"

रिपोर्टआधी बोलायचं नसतं. पण मला मेलीला कुठे राहवतंय! "अहो नाही ताई, फार जुनं आहे हे. सुटलात बघा!"

"म्हणजे ती खरंच मला टाकून गेली," एवढंच म्हणून त्या निघून गेल्या. मला वाईट वाटलं, पण जेवायच्या सुट्टीपर्यंत विसरलेसुद्धा.

आज रिपोर्ट लिहिताना त्याच खड्ड्यातली एक पिशवी उघडली. वर माझ्या गोऱ्या सहकाऱ्यानं लिहिलं होतं, 'हिरवी बाटलीची काच, चार तुकडे'. लेबल वाचून मीच ती बाजूला सारली होती. तुकडे जुळवले. बाटली कसली, बांगडी! जन्मभर आईच्या हातात हिरवा चुडा बघितला, आणि मला काच ओळखू आली नाही. हात जळोत माझे.

खड्डा बुजवताना तीच माती परत टाकली, की जुने पाइपही परत आत जातात. खड्ड्याचं वय ठरतं ते त्यातल्या सगळ्यात नव्या वस्तूवरून. पहिल्या वर्षाला शिकवतात हे.

पोलिसांना कळवलं. मग न राहवून ताईंना फोन लावला. त्यांच्या मुलीनं, तनिषानं उचलला.

"मम्मी बिझी आहे. ग्रँडपाला केअर होममधून घरी आणलं ना, संडेला. मम्मी खूप रडली, त्यांचे पाय धरून सॉरी म्हणाली."

तेवढ्यात ताईंनी फोन घेतला. मागे म्हातारा खोकत होता.

"बोल गं नीना," त्या म्हणाल्या. "पण पटकन हं, बाबांना भरवतेय."