किल्ल्याकडची होडी

थोरलीने सदरा पिळला तर पाणी पुन्हा काळंच निघालं. बंदरात परक्यांचं लढाऊ जहाज फुटल्यापासून अख्ख्या गावाच्या कपड्यांवर काजळी बसली होती. तिने सदरा परत हौदात टाकला आणि मान वर केली, तोवर बातमीदार आत येऊन बसलाही होता. सोबत दुभाष्या होता.

बातमीदार जहाजवाल्यांच्याच देशाचा. समुद्रापलीकडचा तो देश नुकताच गब्बर झालेला, आणि हे बेट एका जुन्या, थकलेल्या साम्राज्याच्या ताब्यातलं. जहाज आपोआप फुटलं की साम्राज्याच्या माणसांनी फोडलं, यावरून दोघांत लढाई पेटायच्या बेतात होती.

थोरली आणि तिची धाकटी जाऊ जहाजावरचेही कपडे धूत आणि किल्ल्यावरचेही. थोरलीचा नवरा बंडात सापडला होता. तो किल्ल्याच्या तळघरात खितपत पडला होता. धाकटीचा नवरा त्याच किल्ल्यावर तोफखान्यात चाकरीला. सख्खे भाऊ, एक तटाखाली, एक तटावर. जावा त्याबद्दल चकार शब्द काढत नसत.

"स्फोटाआधी काही कानावर आलं होतं का?" दुभाष्याने विचारलं.

"आलं की. कपडे द्यायला आलेला खलाशी म्हणाला, कोळशाची कोठी तापलीय, भिंतीला हात लाववत नाही. पलीकडेच दारूगोळा. हसत हसत सांगत होता बिचारा."

दुभाष्याने ते सांगितलं. बातमीदाराने मान डोलावली, पण त्याची पेन्सिल काही हलली नाही.

"त्या दिवशी जहाजाजवळ एखादी होडी दिसली?"

"बंदर आहे, साहेब. होड्या दिसणारच."

"किल्ल्याकडून आलेली?"

"किल्ल्याकडूनही येतात..."

रोजच्या, मासे विकून परतणाऱ्या, असं तिला पुढे म्हणायचं होतं. पण पेन्सिल अशी काही धावू लागली की तिने वाक्य तिथेच सोडलं. काय लिहिलं जातंय ते तिला कळत होतं. परक्यांची जहाजं आली की किल्ला पडणार, तळघराची दारं उघडणार. गोळे तटावर पडतात, तळघरापर्यंत पोचत नाहीत, एवढा विचार तिचा कधीच करून झाला होता.

"आणखी काही?" दुभाष्याने विचारलं.

ती हौदावर वाकली.

"नाही."

ते गेले. वाळलेले कपडे घेऊन धाकटी गच्चीवरून उतरली.

"काय विचारत होता हो, जाऊबाई?"

"कोळशाचं."

"सांगितलंत ना सगळं?"

"सांगितलं."

धाकटी पायरीवरच टेकली. "सुटले बाई! यांनी तर धसकाच घेतलाय. झोप नाही, जेवण नाही, सारखे तोफेपाशी. आता अपघात होता म्हटल्यावर कोण कशाला लढतंय?" ती हसली आणि नवऱ्याचा गणवेश इस्त्रीला घेतला.

थोरलीने साबण उचलला, ठेवला. दारापर्यंत गेली, रस्त्यावर पाहिलं. दुभाष्या कुठे दिसेना. ती परत आली, पुन्हा गेली. धाकटी बाहीवरून इस्त्री फिरवत काहीतरी गुणगुणत होती.

"भाऊजींना बोलावून आण," थोरली एकदम म्हणाली. "म्हणावं, वहिनी अंथरुणाला खिळलीय, काही खरं नाही. रजा काढा आणि आजच घरी या."

"अगबाई! तुम्ही तर चांगल्या उभ्या आहात."

"जा तू."

धाकटीने तिच्याकडे नीट पाहिलं. गुणगुणणं केव्हाच थांबलं होतं. तिने इस्त्री बाजूला ठेवली, काही न विचारता चपला घातल्या आणि निघाली. कोपऱ्यापर्यंत चालत गेली, मग धावायलाच लागली.

थोरलीने ओले हात पदराला पुसले, भर दुपारी अंथरूण घातलं आणि पांघरूण तोंडावर ओढून घेतलं.