आजच्यापुरतं बळ

सूर्यभान वडागळेचा राग एके काळी श्रीरामपूरजवळच्या त्या सगळ्या वस्तीला ठाऊक होता. ख्रिस्ती मंडळीत प्रार्थनेला येऊ लागल्यावर तो निवळला. "माझा राग देवानं काढून घेतला," असं तो मंडळीसमोर साक्ष देताना सांगे. पुढं त्याचं "मी राग सोडला" कधी झालं, त्याचं त्यालाच कळलं नाही. पहाटेची प्रार्थनाही हळूहळू सुटली. बायको, मनकर्णा, एकटीच गुडघे टेकायची. तिनं हटकलं तर म्हणायचा, "आता माझं मन पक्कं हाय."

त्या हिवाळ्यात पाटाला पाणी सुटलं. सूर्यभानची पाळी संपायच्या आधीच शेजारच्या कानिफनाथानं पाणी आपल्या गव्हाकडं वळवलं. सूर्यभान फावडं घेऊन बांधावर गेला.

"पाळी माझी हाय, कानिफ."

"तुमी तर क्षमा करनारी मान्सं," कानिफनाथ हसला. "करा की मग."

फावड्याचा दांडा कधी उचलला गेला, सूर्यभानला आठवत नाही. आठवतो तो कानिफनाथाच्या हाताचं हाड मोडल्याचा आवाज.

घरी येऊन तो ओसरीवर बसून राहिला. "मी पक्का हुतो ना गं?" त्यानं विचारलं.

"तुमी कवाच पक्के न्हवते," मनकर्णा शांतपणे म्हणाली. "देवानं धरलं हुतं, म्हनून उभे हुते. तुमीच हात सोडवून घेतला."

दुसऱ्या दिवशी तो कानिफनाथाच्या दारात गेला. पोलिसांत जायचं की नाही, हे त्या घरात अजून ठरत होतं. कानिफनाथ प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन भिंतीकडं बघत बसला होता. त्याची बायको पंकजा उंबऱ्यातच आडवी आली.

"माफी मागायला आलोय. तक्रार करायची तर करा, मी न्हाई म्हननार न्हाई."

"माफीनं गाईंच्या धारा निघत्यात का? ह्यांचा हात मोडलाय, मला गाई हात लावू देत न्हाईत."

"धारा मी काढतो. हात बरा होईस्तोवर."

तक्रार झाली नाही. सूर्यभान रोज पहाटे जाऊ लागला. वस्तीत बोलबाला झाला. मंडळीत कुणी पाठ थोपटली, तेव्हा त्याला बरं वाटलं, आणि लगेच त्या बरं वाटण्याचीच भीती वाटली. तेव्हापासून तो मनकर्णाशेजारी गुडघे टेकल्याशिवाय घराबाहेर पडेना.

एका सकाळी कानिफनाथ गोठ्याच्या दारात येऊन उभा राहिला. "दूध कमी दिसतंय," तो म्हणाला. "घरी न्हेता का काय थोडं?"

सूर्यभानच्या कानशिलात तोच जुना जाळ उठला. घरून प्रार्थना करून आला होता, तरी उठला. त्यानं कपाळ गाईच्या कुशीला टेकवलं आणि मनात म्हटलं, 'प्रभू, मला जमत न्हाई. आजच्यापुरतं तू धर.'

गाय रवंथ करत उभी होती. जाळ विझला नाही, पण हात जागचा हलला नाही. मग तो म्हणाला, "वासराला दोन सडांचं दूध सोडलं. हगवनीतनं उठलंय, पार रोडावलंय ते. बघ तू."

कानिफनाथ वाकून वासराकडं बघू लागला.