सात शेडींचा बॉयलर

हरिश्चंद्र मास्तरांनी बॉयलरची झडप किंचित सैल केली, वाफेचा आवाज बदलेपर्यंत कान दिला आणि मगच रस्त्याकडे पाहिले. कुडाळच्या भाईंची जीप ओढ्यावरच्या साकवापाशी उभी होती. वाडीतला सगळा काजूगर वर्षानुवर्षे ज्याच्या दुकानात आणि ज्याच्या काट्यावर विकला जाई, तो व्यापारी प्रथमच स्वतः वाडीत आला होता.

"भाई इलो," दारातून सावित्री म्हणाली. "तुमकाच भेटूक इलो आसतलो."

"माका तेणी मागच्याच आठवड्यात कुडाळाक बोलावन घेतल्यान," मास्तर पत्नीला म्हणाले. "आता दुसऱ्याक बघतलो."

भाई त्यांच्या शेडीवरून पुढे गेले आणि समोरच्या सीतेच्या शेडीपुढल्या खळ्यात शिरले.

मास्तर एके काळी हायस्कुलात विज्ञान शिकवीत. नोकरी सोडून त्यांनी वाडीत काजू फोडण्याची पहिली शेड घातली, तेव्हा सीता तिथे कामाला होती. चार हंगामांनंतर तिने रस्त्यापलीकडे स्वतःची शेड उभी केली. तिचे पाहून इतरांनीही केल्या. आता सात झाल्या होत्या. इतर शेडी उभ्या राहू लागल्या तेव्हा देवळातल्या बैठकीत मास्तरांनी फळ्यावर सिद्ध करून दाखवले होते की वाडीतल्या बिया दोन शेडींपुरत्याच आहेत. उरलेल्या बंद पडणार.

गणित निर्दोष होते. गृहीतके चुकली होती. बिया वाडीतूनच येतील आणि गिऱ्हाईक जिथल्या तिथे राहील, असे त्यांनी धरले होते. प्रत्यक्षात, सातांपैकी कोणीतरी घेईलच या खात्रीने आसपासचे बागायतदार बिया इथेच आणू लागले. काजू फोडायच्या पात्यांना धार लावणाऱ्याने सावंतवाडीहून येऊन साकवाजवळ दुकान थाटले. आणि यंदा बेळगावच्या एका व्यापाऱ्याने आंबोली घाटातून ट्रक उतरवायचे कबूल केले, कारण इथे तो एका फेरीत भरणार होता. एकट्या मास्तरांच्या काजूगराच्या डब्यांनी ट्रकचा कोपराही भरला नसता.

सातही जणांनी बेळगावचा दर हाच सर्वांचा दर ठरवला होता. एकजण जरी फुटला, तरी ट्रक अर्धा परत जाणार आणि पुन्हा येणार नाही. बिया उकडण्याचा बॉयलर मात्र एकट्या मास्तरांकडे होता; बाकीचे भाडे देऊन पाळीने उकडून नेत. भाईंनी गेल्या आठवड्यात नेमके तेच मागितले होते: बॉयलर इतरांना बंद करा, तुम्हाला चढा दर देतो. मास्तरांनी सावित्रीखेरीज कोणाला हे सांगितले नव्हते.

रस्त्यापलीकडे भाई खुर्चीवर पुढे झुकून बोलत होते. टरफलांच्या तेलाने कातडी भाजू नये म्हणून सीतेचे हात राखेने माखलेले होते. ती बिया फोडायची थांबली नव्हती.

"जावन बघा तरी," सावित्री म्हणाली.

"कित्याक? ती आता माझी कामगार नाय."

तरीही त्यांनी दाबाचा काटा दोनदा पाहिला, जो दोन्ही वेळा जागेवरच होता.

अखेर भाई उठले आणि रस्ता ओलांडून आले.

"मास्तर, तुम्ही शिकलेले आहात. त्या बाईला जरा समजवा."

"तिला मी कसा समजावणार? ती माझी प्रतिस्पर्धी आहे."

"एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणारी माणसं तुम्ही. आणि दर मात्र सातांचा एक?"

"पळवायला गिऱ्हाईक आधी इथवर यावं लागतं," मास्तर म्हणाले. "तुम्ही आलात. आता पळवू."

भाईंनी रुमालाने मान पुसली. रस्त्याकडेच्या शेडी त्यांनी एकेक करून नजरेने मोजल्या. मग हिशेब संपल्यासारखे म्हणाले, "ठीक आहे. बेळगावचा दर. काटा काढायला सांगतो जीपमधून."

"काटो हयचो आसा, भाई," सीता पलीकडून मोठ्याने म्हणाली. "तुमचो जीपीतच रवांदे. आणि पयलो ट्रक बेळगावचो. तेच्यानंतर तुमचो नंबर."

सातही शेडींत बिया फुटण्याचा आवाज पहिल्यापेक्षा जोरात येऊ लागला. भाईंनी होकारार्थी मान डोलावली आणि कोणी न सांगता ते मास्तरांच्या बाकावर बसले.

संध्याकाळी सीता उकडायच्या बिया घेऊन आली. मास्तरांना विचारायचे नव्हते; त्यांनी विचारले.

"तुका काय देवक केल्यान गो तेणी?"

"आपल्या दरापेक्षा चडतो दर."

"मगे?"

"मगे काय? मी फुटलंय आणि तुमी बॉयलर बंद केलास, तर बियो खंय उकडतलंय? चुलीर?"

कृतज्ञता, शब्दाला जागणे, जुन्या मालकाची भीड: आठवडाभर मास्तरांनी ज्या ज्या धाग्यांची ताकद मनात अजमावली होती, त्यांतला एकही तिच्या उत्तरात नव्हता. त्यांना फार बरे वाटले. माणसांच्या चांगुलपणावर अवलंबून नसलेली वस्तू टिकते, असा त्यांचा अनुभव होता.

"आणि तुमी?" सीतेने विचारले. "तुमकापण बोलावल्यान होता मा?"

मास्तरांनी भट्टीचे दार उघडून आत टरफले टाकली.

"बॉयलर रिकामो ठेवलो तर गंजता," ते म्हणाले.

सीता हसली नाही. तिने पहिले पोते पुढे सरकवले. मास्तरांनी आपले पोते रांगेतून मागे ओढले आणि तिला वाट करून दिली.