बापाचा वाटा

बोलण्यात रत्नदीप थूलचा हात धरणारा अख्ख्या सूतगिरणीत कोणी नव्हता. काम त्याचं टाइम ऑफिसात: कोण कधी आलं, कोण कधी गेलं, कोणाची रजा मंजूर, कोणाची नामंजूर. पण जीव सगळा कामगार संघटनेत. या संघटनेची एक रीत होती, मोठी गमतीची. दर वर्षी एप्रिलात वर्ध्यात एक हॉल भाड्यानं घ्यायचा आणि दुपारभर कामगारांची विधानसभा भरवायची. एकीकडे सत्ताधारी, दुसरीकडे विरोधक, मधे सभापती. कायद्याचं विधेयक मांडायचं, भांडायचं, हात वर करून मत द्यायचं आणि पास झालं की ठराव खासदाराकडे पाठवायचा. खासदार त्या ठरावाचं काय करायचा ते खासदारालाच ठाऊक, पण भांडण मात्र खरंखुरं व्हायचं.

यंदाचं विधेयक रत्नदीपनंच लिहिलं होतं. लेकरू झालं की आईला रजा मिळते, बापाला काय? तर बापालाही पंधरा दिवस भरपगारी रजा. सलग नको असेल तर तुकड्यातुकड्यानं, अर्धा अर्धा दिवस, जशी गरज पडेल तशी. त्यातलं एक कलम त्याच्या फार लाडाचं होतं. बापाचा वाटा बापानंच घ्यायचा. तो आईच्या नावावर चढणार नाही, आजीच्या नाही, कोणाच्याच नाही.

आता योगायोग कसा असतो बघा. ज्या शनिवारी ही सभा, त्याच शनिवारी त्याची बायको सरिता बाळंतपणाच्या रजेनंतर पहिल्यांदा ड्युटीवर चालली होती. ती दवाखान्यात नर्स. पोरगा अश्वजित, घरातला अशू, सहा महिन्यांचा. नालवाडीत दोन खोल्यांचं घर आणि घरात रत्नदीपची आई, तानाबाई.

"आजच्या दिस तुमी घरी राहा," सरिता पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "माझ्याबिगर तो एक दिवस राह्यला नाई अजून. मायजवळ राहीन तसा, पन तुमी असले त मले धीर येईन."

"आज कसा राहू? आजच त बापाच्या रजेवर बोलाचं हाये मले!"

सरितानं लाटणं थांबवलं. त्याच्याकडे बघितलं आणि हसली. ते हसू कसलं होतं हे कोणत्याही नवऱ्याला कळलं असतं, पण रत्नदीप तेव्हा भाषण पाठ करत होता. ती डबा घेऊन निघून गेली.

वर आणखी याच्या डोक्यात एक टूम निघाली. नुसतं बोलून काय होतं, लोकांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. अशू पाळण्यात खेळत होता. सागवानी पाळणा, चार पायांवर उभा, आंजीच्या लहानू सुतारानं हौसेनं करून दिलेला. रत्नदीपनं पोराला उचललं, तानाबाईच्या मांडीवर ठेवलं आणि पाळणा एकट्यानं काखेत मारून दाराकडे निघाला. बाहेर मालऑटो उभाच होता.

"रतन, पाळना कुठं नेतं?" तानाबाई उठलीच. "लेकराचा पाळना असा रिकामा घराबाहेर नेत नाई. अन् नेशीनच त हालवू नोको."

"काऊन? कोन बसते त्यात?"

"कोन बसते ते मले मालूम नाई. रिकामा पाळना आमी हालवत नाई, बस."

"बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ हायेत तुले, अन् हे काय घेऊन बसली?"

"प्रतिज्ञेत पाळन्याचं काई लिहेलं नाई," तानाबाई म्हणाली.

रत्नदीप खो खो हसला. अशू त्याच्याकडे दोन्ही हात करत होता. त्यानं पोराच्या गालाला बोट लावलं, "येतोच बे," म्हणाला आणि गेला.

हॉलमध्ये कूलर घोंघावत होते आणि तरी घामाच्या धारा. सभापती वाइंडिंग खात्यातल्या शोभाबाई. विरोधी बाकावर संघटनेचे जुने पुढारी भैयाजी. भैयाजींना स्वतःचं मत असं काही नव्हतं, पण विरोधी बाक मिळालं की त्यांना चेव यायचा.

"बाप घरी राहून करीन काय?" भैयाजी कडाडले. "मोबाइल पाहीन! दूध त पाजू शकत नाई! अन् छोट्या कारखानदारानं मानसं आनावी कुठून? उद्या तो म्हनीन, लग्न झालेला पोरगाच नोको मले."

"मंग बरंच होईन," सूत गुंडाळायच्या कोनांवर काम करणारी उज्वला उठून म्हणाली. "आतापरेंत लग्न झालेली पोरगीच नोको म्हने. आता दोघंही नोको म्हनू दे, मंग कोनाले ठेवते पाहू."

हॉल हसला, टेबलं वाजली. पण तीच उज्वला पुढे म्हणाली, "पन मी इचारते, बाप रजा घेऊन घरी राहीन कशावरून? माझ्या नवऱ्याले सुटी भेटली का तो सासुरवाडी सोडून साऱ्या गावाले जाते."

या प्रश्नाला उत्तर द्यायला रत्नदीप उभा राहिला. काय बोलला हो तो! बोलता बोलता पाळण्यापाशी गेला, दोरी हातात घेतली आणि थांबला. "हा पाळना आजपरेंत कोनं हालवला?" त्यानं विचारलं आणि दोरी ओढली.

पुढच्या रांगेतल्या दोनचार बायांनी चुकचुक केलं. "अवो थूलभाऊ," उज्वला हलक्या आवाजात म्हणाली, "रिकामा हाये ना तो."

"रिकामा हाये म्हनूनच त हालवून राह्यलो! बापाचा हात या दोरीले माहीत नाई!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. रत्नदीपनं दोन्ही हात वर करून त्या टाळ्या घेतल्या. दोरी सुटली. पाळणा मात्र थांबला नाही.

कूलरचा वारा असेल, असं त्याला वाटलं. पण वाऱ्यानं हलणारी वस्तू वेडीवाकडी हलते. हा एका लयीत चालला होता, घरी तानाबाई हलवायची तसा. त्यानं बोलता बोलताच कठड्यावर हात ठेवून तो थांबवायला पाहिला, आणि हाताला वजन लागलं. सकाळी काखेत मारून आणलेला पाळणा आता दोन हातांनी आवरत नव्हता. त्यानं आत बघितलं. गोधडीत एक खळगा पडला होता, लहानशा डोक्याएवढा. त्यानं त्यात तळवा ठेवला. खळगा गरम होता.

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. आईचा फोन. आता इथं शहाण्या माणसानं काय केलं असतं? पण समोर शंभर माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती, भाषण रंगात आलं होतं, लाडकं कलम अजून बाकी होतं. रत्नदीपनं फोन कापला. पाळण्याकडे पाठ करून तो म्हणाला, "बापाचा वाटा दुसऱ्या कोनाले देता येत नाई!" आणि सभागृह उभं राहिलं. फोन पुन्हा वाजला. त्यानं पुन्हा कापला.

शोभाबाईंनी मतदान पुकारलं तेव्हा तो कोपऱ्यात गेला आणि त्यानं घरी फोन लावला.

"काय झालं आई?"

"काई नाई रे," तानाबाईचा आवाज अगदी बारीक झाला होता. "पोरगं रडत नाई. तू गेला तेव्हापासून रडलाच नाई. डोळे उघडे हायेत, श्वास चालू हाये. पन मी उचलला ना त रतन... हलका लागते रे. मांडीवर काई हाये असं वाटतच नाई."

तो मतदान टाकून पळाला. पण पाळणा? पाळणा इथं सोडायची त्याची छाती होईना. उचलायला गेला तर हलेना. शेवटी त्यानं, ऑटोवाल्यानं आणि आणखी दोघांनी मिळून तो कसाबसा दाराबाहेर काढला. "दगड भरले का बे याच्यात?" त्यातला एक धापा टाकत म्हणाला. ऑटोच्या मागच्या चाकांचे टायर दबले. ऑटोवाल्यानं एकदा आत वाकून बघितलं आणि नालवाडीपर्यंत ऑटो दामटला.

तानाबाई पोराला घेऊन दारातच उभी होती. ऑटोवाल्यानं आणि गल्लीतल्या पोरांनी पाळणा ओढत घरात आणला. रत्नदीपनं हात पुढे केले. अशू हातात आला आणि आला असं वाटलंच नाही. कोरडं धुणं दोरीवरून काढून घ्यावं तसा. अंग गरम होतं, डोळे उघडे होते, पण ते कुठंच बघत नव्हते. रत्नदीपनं त्याला हलवून पाहिलं. आयुष्यभर ज्याच्या जिभेला विसावा नव्हता, त्या माणसाला पोराला हाक मारता येईना.

"पाळन्यात टाक," तानाबाई गोधडीतल्या खळग्याकडे बघत म्हणाली. "त्याच खळग्यात टाक. अन् तू हालव. मी नाई, तू."

त्यानं पोराला त्या खळग्यात ठेवलं. दोरी धरली. पहिला झोका तिरकाच गेला. मग दुसरा. कितीतरी वेळ तो हलवत राहिला, तोंडानं काहीबाही पुटपुटत, आणि हळूहळू अशूची नजर फिरत फिरत त्याच्यावर आली. ओठ थरथरले आणि पोरानं असं भोकाड पसरलं की शेजारच्या आनंदाबाई धावत आल्या. रत्नदीपनं त्याला उचललं. भरलं अंग, सहा महिन्यांचं गुटगुटीत वजन. तो पोराला छातीशी धरून ढसाढसा रडला.

संपलं, असं त्याला वाटलं. पोर आईच्या हाती देऊन तो पाणी प्यायला माठापाशी गेला. पेला तोंडाला लावला नाही तोच आतून तानाबाईनं किंकाळी फोडली. "रतन! हलका झाला रे, हलका झाला!"

त्यानं येऊन हात लावला. वजन आलं. हात काढला. गेलं.

संध्याकाळी सरिता आली, चप्पलही न काढता आधी लेकराकडे धावली. रत्नदीप काहीतरी सांगायला गेला, तेवढ्यात तिनं अशूला उचललं. ती नर्स, लेकराचं वजन तिच्या हातांना बरोबर कळायचं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं नाडी बघितली, छातीला कान लावला, पापणी वर करून पाहिली. सगळं ठीक होतं. मग रत्नदीपनं पोराच्या तळपायाला नुसतं बोट लावलं आणि सरिताचे हात त्या वजनानं एकदम खाली गेले.

तानाबाईनं सगळं सांगितलं. सरितानं ऐकून घेतलं. ओरडली असती तर रत्नदीपला बरं वाटलं असतं.

"मी सहा महिने याले घेऊन होती," ती म्हणाली. "मायनं घेतला. शेजारच्या आनंदाबाईनं घेतला. तुमी किती घेतला हो?"

रत्नदीपला आठवेना. खरंच आठवेना.

"सोमवारी मले ड्युटी हाये," सरिता म्हणाली आणि पोराला पाळण्यात ठेवून तोंड धुवायला गेली. मोरीत नळ कितीतरी वेळ वाहत राहिला आणि त्या आवाजाखाली ती रडत होती.

तानाबाईनं पाळण्याशेजारी सतरंजी अंथरली. "आडवा हो," ती मुलाला म्हणाली. "झोपीत हात सुटला त?" तिनं पाळण्याची दोरी घेतली आणि त्याच्या पायाच्या अंगठ्याला बांधली, कामाच्या बाया बांधायच्या तशी, पण गाठीवर गाठी मारून. रत्नदीपनं पाय हलवून पाहिला. पाळणा जड होता. त्याला बरं वाटलं, आणि लगेच भीती वाटली.

तेव्हाच भैयाजींचा फोन आला. सभा संपली तरी मंडळी हलली नव्हती, मागे हॉलमधला गलका अजून चालूच होता.

"अबे थूल, पळाला काऊन? पास झालं ना बे! मीच हात वर केला शेवटी, काय करता! पंधराच्या पंधरा दिवस मंजूर! ठराव सोमवारी देऊन टाकू, तू येजो सहीले."

"मी नाई येत भैयाजी."

"काऊन?"

रत्नदीपनं पाळण्यात बघितलं. अशू टक लावून त्याच्याकडेच बघत होता.

"भैयाजी," तो म्हणाला, "आपन लय कमी मागितले."

भैयाजी पोट धरून हसले. "काय बोलतं बे तू, वा!" असं म्हणून त्यांनी तेच वाक्य हॉलमधल्या मंडळींना ओरडून सांगितलं, आणि तिकडे पुन्हा टाळ्या पडल्या. रत्नदीपनं फोन खाली ठेवला आणि पाय हलवला.