पायाची मशीन

उत्तमने मशीन आणली तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. "आई, बघ काय आणलंय," म्हणत त्याने खोक्यातून हिरवीगार हाताची मशीन काढून जमिनीवर ठेवली. नवी कोरी. उजव्या अंगाला फिरवायचा दांडा आणि त्याला पांढरी मूठ.

मी मशीनकडे बघितलं, मग मालनकडे. माझी सून मोरीपाशी उभी होती, उजवा हात पदराखाली. त्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलं होतं. डब्यांची झाकणं दाबायच्या कारखान्यात प्रेसखाली मधली तीन बोटं गेली, त्याला आठ महिने झाले होते. भरपाई मिळाली ती त्या बोटांची. मशीन आली ती त्यातूनच.

"अरे, हा दांडा फिरवायचा कुणी?"

"फिरवेल की. सवय होईल. पायाची ठेवायची कुठे, शहाडच्या ह्या एवढ्याशा खोलीत? ही खाटेखाली सरकते." मग जरा हसून म्हणाला, "शिवाय उरलेल्यातून टीव्ही सांगून आलोय. रविवारी येतोय."

माझ्या हातातली भाकरी परातीतच मोडली. त्याच्यावर तर राग आलाच, पण स्वतःवर जास्त आला. मशीनमधलं पुरुषांना कळतं, तूच बघून आण, असं मीच त्याला सांगितलं होतं. जिला शिवायचं तिला आम्ही कुणीच विचारलं नव्हतं.

तिला शिवायची होती गोधडी. डोंबिवलीच्या विमलाबाई बायकांकडून गोधड्या शिवून घेऊन विकायच्या. त्या म्हणाल्या होत्या, "दिवाळीपर्यंत एक शिवून दाखव, मग काम देते." मी जन्मभर हाताने गोधड्या शिवल्या, पण आता मला सुईचं नाक दिसत नाही. मालनला तर हातात सुईच धरता येत नाही. म्हणून मशीन. दिवाळीला दीड महिना उरला होता.

दुसऱ्या दिवशी उत्तम कामावर गेल्यावर मी मालनला म्हटलं, "चल." शेजारणीकडून कच्चे टाके घालून घेतलेली अख्खी गोधडी गुंडाळून मी काखेत मारली, मशीन टांग्यात घातली आणि आम्ही कल्याणच्या बाजारात दुकान गाठलं.

दुकानदार त्र्यंबकशेठ गल्ल्यावर बसून पान जुळवत होते.

"काल माझा मुलगा ही घेऊन गेला. बदलून पाहिजे."

"मावशी, बिलावर वाचा. विकलेला माल परत घेत नाही."

"वाचलंय. हिच्यावर काय काय शिवता येतं हे मात्र त्यावर लिहिलेलं नाही. गोधडी शिवते का ही?"

"चादर, परकर, फ्रॉक, सगळं शिवते."

"गोधडी विचारतेय मी."

मी गोधडी त्यांच्या काचेच्या कपाटावर सोडली. चार लुगडी आणि मध्ये धोतराचे तुकडे. पान बाजूला सारत शेठ म्हणाले, "अहो, ही काय धर्मशाळा आहे अंथरूण पसरायला?" दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली.

"हसा," मी म्हटलं. "मालन, बस. फिरव."

ती मान खाली घालून बसली. अंगठा आणि करंगळीत मूठ धरली. दोन फेरे झाले आणि मूठ सुटली. डाव्या एका हाताला गोधडीचं ओझं पेलेना, ती घसरून लोंबली, सुई वाकली आणि कट्‌कन मोडली.

"बाई, हाताला काय झालं?" शेठनी विचारलं.

"हे काल विचारायचं होतं!" मी ओरडले. रस्त्यावरची माणसं थांबली. "शिवणार कोण, काय शिवणार, हात कसा आहे, एक शब्द विचारला नाहीत. खोकं बांधून मोकळे झालात. आणि माझा मुलगा मोठा शहाणा, त्यानेही सांगितलं नाही!"

मागे त्यांचा कारागीर दगडू एका जुन्या काळ्या, पायाने चालवायच्या मशीनवर रिक्षाची सीट शिवत होता. त्याने मान वर केली. "शेठ, ह्या मशीनवर बसवून बघा की. सीट जाते तर गोधडी का नाही जाणार?"

मशीनची सोनेरी फुलं पुसून गेली होती, खालच्या लाकडी पाटीला तडा होता. पण सुईपासून खांबापर्यंत जागा ऐसपैस. मी गोधडीची अर्धी बाजू गुंडाळून आत सारली तर वळकटी आरामात बसली. मालनने पायडलवर पाय ठेवले. पहिल्यांदा चाक उलटं फिरलं, दोरा तुटला. दगडूने ओवून दिला. पुन्हा उलटं. पुन्हा तुटला.

"अगं, असं नाही!" मी पुढे होऊन चाकाला हात घातला.

"आत्या, हात काढा."

मालन असं कधी बोलली नव्हती. मी हात काढला.

तिने उजव्या तळव्याने चाक पुढे ढकललं, पायांनी ताल धरला आणि मशीन चालू झाली. दोन्ही तळवे गोधडीवर दाबलेले. टीप नदीसारखी वळत गेली, पण कडेपासून मधोमध पोचली. चार लुगड्यांतून.

"मला ही पाहिजे," ती शेठना म्हणाली.

शेठनी तिच्या हाताकडे बघितलं, मग रस्त्यावरच्या गर्दीकडे. "न्या. जुनी आहे, किमतीला हिरवीच्या बरोबरीची. पट्टा नवीन घालून देतो."

संध्याकाळी मालन कोपऱ्यात शिवत बसली होती. उत्तम आला तो दारातच थबकला. "हे धूड कुठून आणलं? आणि ह्या कोपऱ्यात टीव्ही ठेवायचाय!"

"तुझ्या बायकोची कुठली बोटं गेलीत रे?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"उजव्या हाताची का डाव्या?"

तो उत्तर द्यायच्या आधी तिच्या हातांकडे बघायला लागला. हात गोधडीच्या वळकटीआड होते. तेवढा एक क्षण त्याला लागला, आणि तो आम्हा दोघींना दिसला. त्याची मान खाली गेली.

मालनने पाय थांबवले. "टीव्ही नको म्हणून सांगून या. मला दोऱ्याची रिळं घ्यायचीत, आणि पाटी बदलायचीय."

"अगं, पण मी सगळ्यांना सांगून बसलोय..." म्हणत त्याने माझ्याकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतोस? पैसे तिचे आहेत."

मशीन पुन्हा सुरू झाली. दोरा तुटला. मी जागची हलले नाही. तिनेच ओवला.