विंचू शोधणारा जांभळा टॉर्च

मी एक जुना टॉर्च आहे आणि मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकतो, माझा तुमच्यावर काडीचाही विश्वास नाही. रागावू नका, माझा कुणावरच नाही! मला घडवलंच त्यासाठी आहे. बाकीचे टॉर्च पांढरा-पिवळा उजेड पाडतात, लोकांना वाट दाखवतात आणि दुवा घेतात. माझा उजेड जांभळा आहे. त्यात वाट धड दिसत नाही. दिसतं ते फक्त लपून बसलेलं.

कारखान्यातून मी निघालो तेव्हा काय माझा रुबाब होता! काळंभोर धातूचं अंग, पाठीवर एक बटण आणि तोंडात छोट्या दिव्यांचं कडं. एका लाकडाच्या वखारीतल्या मुकादमांनी मला विकत घेतलं, ते विंचवांसाठी. विंचवावर जांभळा उजेड पडला की तो हिरवागार चमकतो, हे तुम्हाला ठाऊक होतं का? कितीही लपू दे, पठ्ठ्या सापडतोच. ओंडक्यांच्या ढिगात कुणी हात घालायच्या आधी मुकादम मला आत फिरवायचे आणि हमालांना म्हणायचे, "थांबा रे, आधी आमच्या जावयाला बघू दे."

जावई म्हणजे मी. खोड काढण्यात हुशार आणि सेल खाण्यात पटाईत, म्हणून!

माझ्या काळात त्या वखारीत एकाही हमालाला विंचू चावला नाही. मुकादम मला रोज पुसायचे आणि पुसता पुसता त्यांच्या लेकीला सांगायचे, "दिसत नाही म्हणजे नाही, असं कधी समजायचं नाही बरं का." ती लेक म्हणजे आमची ताई. तिने हे वाक्य इतकं मनावर घेतलं की पुढे तिचा तोच धंदा झाला.

ताई नर्स झाली. तिच्या वॉर्डात एका आजोबांच्या पायाचं ऑपरेशन झालं, अगदी झकास झालं. डॉक्टरांनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या. आणि पुढच्याच आठवड्यात जखमेत पू झाला. "हा आला कुठून?" ताईने विचारलं. कुणालाच सांगता येईना. मग ती ज्याला त्याला तेच विचारत सुटली. लोक कंटाळले, पण ताई कंटाळली नाही. नोकरी सांभाळून तिने त्या विषयाचा अभ्यास केला, परीक्षा दिल्या, आणि काही वर्षांनी ती इस्पितळाच्या संसर्ग नियंत्रण विभागाची प्रमुख झाली. माणूस एक आजार घेऊन इस्पितळात येतो. जाताना त्याने दुसरा घेऊन जाऊ नये, हे पाहणं तिचं काम.

तिची आत्या म्हणाली, "म्हणजे हात धुवा, हात धुवा म्हणत फिरायचं? आणि त्याचा पगार देतात?"

मी तेव्हा कुठे होतो? फडताळात! वखार बंद पडली होती आणि मला सगळे विसरले होते. माझ्या पोटात सेल तसेच राहिले, फुटले आणि आतून गंज चढला. अंधारात पडून राहणं टॉर्चला किती लागतं, ते तुम्हाला नाही कळायचं. पण ताईला बढती मिळाली त्या दिवशी मुकादमांनी मला शोधून काढलं, माझा गंज घासला, नवे सेल घातले आणि मला तिच्या हातात ठेवलं. "घे. तुझेही विंचूच. माझ्या विंचवांपेक्षा बारीक, एवढंच."

आणि मग सुरू झाला माझा दुसरा जन्म!

ताईकडे एक पारदर्शक जेल होतं. ती दुपारी गुपचूप पलंगाच्या कठड्यावर, नळावर, दाराच्या मुठीवर त्याची टिकली लावायची. वाळली की ती टिकली साध्या डोळ्यांना दिसत नाही. ओल्या फडक्याने नीट पुसलं तर निघून जाते, नाहीतर तिथेच राहते. दुसऱ्या दिवशी ताई पडदे ओढायची, मला लावायची, आणि न पुसलेली टिकली विंचवासारखी हिरवी चमकायची. पकडला!

ताईवर सगळ्यांचा दात होता. ती वॉर्डात शिरली की कुणीतरी खोकायचं, आणि एकदम सगळे नळ धो धो वाहू लागायचे. जो तो हात धुतोय! पाठीमागे तिला 'हातताई' म्हणायचे. आम्हा दोघांना ते माहीत होतं. आमचा त्यांच्यावर संशय, त्यांचा आमच्यावर. फिट्टंफाट.

मग तान्ह्या बाळांच्या विभागात ते घडलं.

त्या विभागात दोन खोल्या होत्या. वेळेआधी जन्मलेली, तळहाताएवढी बाळं तिथे काचेच्या पेट्यांत झोपलेली असत. दुसऱ्या खोलीतलं एक बाळ तापाने फणफणलं. मग त्याच्या शेजारचं. तपासणीत दोघांनाही एकच जंतू सापडला. पहिल्या बाळाची आई काचेबाहेर उभी होती. ताई दिसताच तिने स्वतःचे दोन्ही तळवे पुढे केले. "मी प्रत्येक वेळी हात धुतले होते हो. माझ्यामुळे नाही ना झालं?"

ताईने मला मुठीत इतकं दाबलं की माझं झाकण करकरलं.

त्या दिवसापासून ताईला सगळेच चोर दिसू लागले. डॉक्टरांचं घड्याळ, नर्सची अंगठी, औषधांची गाडी, सगळं संशयित. तिने सापळा लावला. पहिल्या खोलीत पेट्यांच्या कडांवर टिकल्या लावल्या आणि दुसऱ्या खोलीत मुद्दाम एकही लावली नाही. सकाळी पडदे ओढून मला लावलं. पहिल्या खोलीतल्या सगळ्या टिकल्या स्वच्छ पुसलेल्या. शाब्बास! मग आम्ही दुसऱ्या खोलीत गेलो.

मित्रांनो, जिथे टिकली लावलीच नव्हती, तिथे हिरवं चमकत होतं! पेट्यांच्या पलीकडच्या कडेला, जिथे फडकं सहसा पोचत नाही, एकेक बारीक रेघ.

म्हणजे पहिल्या खोलीतून काहीतरी दुसऱ्या खोलीत चालत गेलं होतं. दोन्ही खोल्या पुसायचं कोण? सफाईच्या मावशी.

"मावशी, तुम्ही दोन्हीकडे एकच फडकं वापरलंत," ताई म्हणाली.

मावशींनी बादली खाली ठेवली. "पहिल्या खोलीचं निळं, दुसरीचं पिवळं. तुम्हीच शिकवलंत ना? मी विसरत नसते."

"मग ही चमक काय पाय फुटून आली?"

"मला काय विचारता? तुमच्या त्या दिव्याला विचारा. पहिल्यापासून तुमचा डोळा माझ्यावरच!"

मला त्या रेघा खटकत होत्या. फडक्याचा डाग पसरट असतो आणि ह्या तर पट्टीने ओढल्यासारख्या सरळ. पण मला कोण विचारतं? मला जिकडे धरतील तिकडेच माझा उजेड पडणार.

इस्पितळाच्या मोठ्या साहेबांना हे कळलं. ते म्हणाले, "उद्या सकाळी बैठकीत विषय संपवून टाका. बाई बदला."

मावशी दारातच उभ्या होत्या. त्या रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "काम काय, दुसरं मिळेल. पण बाळं माझ्यामुळे आजारी पडली असं नाव लागलं, तर ते कुठल्या पाण्याने धुऊ?"

संध्याकाळी ताई घरी आली आणि होती तशीच खुर्चीत बसली. गळ्यातलं ओळखपत्रही काढलं नाही. मुकादम आता म्हातारे झाले होते, पण सवय सुटली नव्हती. त्यांनी तिच्या पिशवीतून मला उचललं. "जावयाला जरा फिरवून आणतो." दाराजवळच्या अंधारात चपला-बूट तपासून झाले आणि वळता वळता माझा उजेड ताईवर पडला.

"हलू नकोस!" मुकादम ओरडले.

"काय झालं, बाबा?"

"तुझ्या छातीवर बसलाय. हिरवा!"

ताईने खाली पाहिलं. विंचू नव्हता. तिच्या ओळखपत्राची खालची कड हिरवीगार चमकत होती. बारीक, सरळ, पट्टीने ओढल्यासारखी!

ती हळूहळू बोलू लागली. "टिकल्या लावायला मी पहिल्या खोलीत वाकले होते. जेल ओलं होतं. मग दुसऱ्या खोलीत गेले, नुसती बाळं बघायला. प्रत्येक पेटीवर वाकून. मधे हात धुतले होते मी, बाबा. हात धुतले होते!"

"विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात," मुकादम म्हणाले. "तुझ्या विंचवांचं तुझ्या गळ्यात निघालं."

ताईने पर्समधून ओला रुमाल काढला. ओळखपत्र एका हातात आणि रुमाल दुसऱ्या. "हे आत्ता पुसलं तर कुणाला कळणारही नाही," ती म्हणाली. मुकादमांनी मला विझवलं नाही. खरं सांगतो मित्रांनो, त्या क्षणी मला ताईचाही भरवसा वाटला नाही. तिला मी चिमुरडी असल्यापासून ओळखतो, तरीही.

बऱ्याच वेळाने तिने ओळखपत्र एका स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि गाठ मारली. न पुसता.

सकाळी बैठकीला मावशी आपली डब्याची पिशवी, जुनी चप्पल, सगळं आवरूनच आल्या होत्या. ताईने पडदे ओढले आणि मला मावशींच्या हातात दिलं.

"कशाला?" मावशी मागे सरकल्या. "माझ्याच हाताने मला पकडून देणार?"

"धरा तर. माझ्याकडे धरा."

ताईने पिशवीतून ओळखपत्र काढून होतं तसं छातीशी धरलं. मावशींनी बटण दाबलं. हिरवी कड चमकली. मग ताईने सगळं सांगितलं. फडक्यांचा दोष नव्हता. दुसऱ्या खोलीत चमक नेली ती तिने स्वतः.

"अहो, पण विभागप्रमुखच असं म्हणायला लागल्या तर!" मोठे साहेब कुजबुजले. "बाहेर कळलं म्हणजे?"

"बाहेर कळायच्या आधी आत तरी कळू दे, सर."

तेवढ्यात मावशींनी कुणाला न विचारता मला साहेबांकडे वळवलं. साहेबांनी झटकन टाय शर्टात कोंबला! कुणीतरी फिसकन हसलं.

पुसला गेला तो फक्त मावशींच्या नावावरचा डाग. ताईची लाज बरेच दिवस चमकत राहिली. पण त्या विभागातून गळ्यातल्या लेस, टाय, घड्याळं, अंगठ्या सगळ्यांची हकालपट्टी झाली. प्रत्येकाच्या लेसचे नमुने तपासायला गेले आणि त्यांवर जे जे सापडलं, ते जेवताना सांगण्यासारखं नाही! बाळांचा जंतू नेमका कुठून आला, हे कुणालाच छातीठोकपणे सांगता आलं नाही. पण तिसरं बाळ आजारी पडलं नाही आणि पहिली दोन्ही बरी होऊन घरी गेली. घरी जाण्याआधी ताईने पहिल्या बाळाच्या आईला ओळखपत्राची गोष्ट स्वतः सांगितली. तिने विचारलं, "आता ते कुठे ठेवता तुम्ही?"

मला ती बाई आवडली.

मावशींनी ताईला लगेच माफ केलं असं समजू नका. कितीतरी दिवस त्या तिच्याबरोबर चहा प्यायल्या नाहीत. पण रोज सकाळी बाळांच्या विभागाच्या दारात मला घेऊन उभ्या राहायच्या. "ताई, या इकडे. हात. बाह्या. खिसा. हं, जा आता." पहिला उजेड ताईवर. मग बाकीच्यांवर. आणि मग मला घेऊन ताई तो मावशींवर पाडायची!

आता मी खरोखर म्हातारा झालो आहे. बटण सैल झालंय आणि कड्यातले काही दिवे मिटलेत. विभागात नवा, महागडा, माझ्याहून ऐटबाज दिवा आलाय. मला मावशींच्या कप्प्यात जागा मिळाली आहे. त्या माझे सेल काढून ठेवतात, म्हणजे पोटात गंज चढत नाही. ओल्या फडक्याने मला पुसतातही. पुसायलाच हवं, मीही ह्या खोलीतून त्या खोलीत फिरलोच की! तुमच्या घरातही एखादा टॉर्च फडताळात कुजत असेल, तर त्याचे सेल आजच काढा. एवढं माझ्यासाठी करा.

आणि मित्रांनो, संशय घ्यायला लाजू नका. फक्त पहिला उजेड स्वतःवर पाडा. आता सांगा बघू, तुमच्या शाळेचं ओळखपत्र रोज गळ्यात लटकतं ना? डब्यावर, बाकावर, धाकट्या भावंडाच्या गालावर घासतं ना? त्याची लेस शेवटची कधी धुतली होती?

ते असं मुठीत का झाकताय? जरा इकडे करा ते.