देवळीतली लाँच

मी एक जुनी लाँच आहे, मित्रांनो. आज मला पाहून हे कुणाला खरं वाटणार नाही, पण एके काळी मी नौदलात होते. मुंबईच्या गोदीत सागाच्या फळ्या जोडून आम्हा चार बहिणींना बांधलं. आधी शेंदरी प्राइमर, मग वरून करडा रंग. मोठ्या जहाजांवर माणसं पोहोचवायची, एवढंच आमचं काम. तोफबिफ आमच्या नशिबी नव्हती, तरी वर्दीतली माणसं अंगावर चढली की मी उगाच फुगून जाई.

वय झालं तसा आमचा लिलाव झाला. मला ट्रकवर घालून बदलापूरच्या पुढे, बारवी धरणावर आणलं. तिथे कोंडाजी माझा चालक झाला. तो मला ‘म्हातारे’ म्हणे आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी माझ्याशी चार शब्द बोले. काठच्या पाड्यांवरची माणसं, भाताची पोती, शाळेची मुलं, एकदा तर अख्खी वरात मी पलीकडे नेली.

मग धरणाची उंची वाढली आणि काठच्या पाड्यांपैकी बनूबाई नावाच्या म्हातारीचा पाडा पाण्याखाली जायचं ठरलं. टेम्पो आले. भांडी गेली, कौलं गेली, कोंबड्यासुद्धा गेल्या. चामटोलीजवळच्या नव्या जागी पोहोचल्यावर सगळे एकमेकांना विचारू लागले, गावदेवी कुणाकडे आहे? प्रत्येक घराला वाटलं होतं, शेजारच्यांनी घेतली असेल. कडेवर बसेल एवढा शेंदराचा तांदळा, म्हणजे देवीचा बिनघडीव दगड, जुन्या विहिरीच्या काठावर एकटाच राहिला होता. माघारी जाईपर्यंत पाणी चढलं.

नवी देवळी रिकामी राहिली. बनूबाई पाड्यातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या, त्यांनी दुसरा दगड बसवू दिला नाही. “आय पान्यात बसलीया, आन् आपून दुसरी आनायची?” जत्रा बंद पडली. कुणाचं पोर आजारी पडलं तरी लोक त्या रिकाम्या कोनाड्याकडे बघत.

तीन वर्षांनी मे महिन्यात पाणी खूप उतरलं. “चला, आज आईला बाहेर काढू,” कोंडाजी म्हणाला. सगळ्यांनी चपला काढल्या. बनूबाई नारळ घेऊन माझ्या पुढच्या टोकाशी उभ्या राहिल्या. पाणी गढूळ होतं आणि कोंडाजीने इंजिन बंद करायला क्षणभर उशीर केला. माझा तळ कशावर तरी घासला. तो तांदळा डगमगला आणि विहिरीत गेला. मला ते कळलं. सुकाणूच्या चाकातून कोंडाजीच्या हातांनाही कळलं.

“खडक लागला वाटतं,” तो म्हणाला.

माणसं पाण्यात उतरली. त्यांच्या हाती विहिरीकाठचा नुसता चौथरा लागला. बनूबाईंनी नारळ न फोडताच खाली ठेवला. “रागावली रं. आपून तिला इसारलो, ती निघून गेली.”

त्या दिवसापासून कोंडाजी माझ्याशी बोलला नाही. दोन वर्षांनी तो वारला, आणि ती गोष्ट माझ्या एकटीकडे राहिली. काठाला बांधलेली असले की तळाखाली कुणीतरी बोटाने टकटक करतंय असं वाटे. लाटा असतील, असं मी स्वतःला समजावत असे. पण वारा पडलेला असतानाही ती टकटक थांबत नसे.

शेवटी मला मोडीत काढलं. उल्हासनगरच्या एका भंगारवाल्याकडे, कूलरच्या गंजक्या पत्र्यांशेजारी, मी कलती होऊन पडले. तिथे अंबरनाथची वृंदा मला शोधत आली. तिचे वडील नौदलात माझ्यावर खलाशी होते. ते गेल्यापासून ती आम्हा चौघींचा माग काढत होती. एक तोफांच्या सरावात बुडाली, एक तांब्याच्या खिळ्यांसाठी जाळली, एकीचा पत्ताच नाही. माझा कोरलेला नंबर सापडला तेव्हा ती माझ्या अंगाला गाल लावून रडली.

“मॅडम, सोमवार को कटिंग है,” शेठ म्हणाला. “जो देखना है, देख लो.”

माझी धरणावरची हकिगत विचारत वृंदा चामटोलीला गेली आणि बनूबाईंना घेऊनच परतली. बनूबाईंनी माझा तळ चाचपला. एका खोल ओरखड्यावर त्यांचा हात थांबला.

“शेंदूर हाय ह्यो!”

“मावशी, तो प्राइमर आहे. बाबा सांगायचे, लाकडाला आधी तोच लावतात.”

“तुज्या बाबाचा रंग वरवर आसंल, बाय. ह्यो तेलातला हाय, थरावर थर. आय कुटं गेलीच नवती. हिच्या पोटाला धरून ऱ्हायली!”

मला ओरडावंसं वाटलं. धरून कसली राहील? मीच तिला ढकललं होतं.

शेठने तेवढी फळी कापून दिली. बाकीची मी सोमवारी संपले. आता त्या देवळीत मी हातभर उरले आहे. जत्रा पुन्हा भरते. दर मंगळवारी बनूबाई माझ्या ओरखड्यावर ताजा शेंदूर चढवतात, हात जोडतात आणि माझी क्षमा मागतात. माझी!

मित्रांनो, जपायची वस्तू दुसऱ्याने घेतली असेल असं धरून चालू नका. निघण्याआधी एकदा स्वतः जाऊन बघा. आणि तुमच्या हातून कुणाचं काही गेलंच, तर कोंडाजीसारखे गप्प राहू नका. त्या माणसासमोर उभे राहा आणि सांगून टाका. तुम्हाला तोंड आहे.